उक्ते, मक्ता, कंत्राट : घराचे काम ठरवून देण्याची रीत

घराचे बांधकाम किंवा डागडुजी ठरावीक रकमेत दुसऱ्यावर सोपवण्याला मराठीत एक नव्हे, अनेक शब्द आहेत. देशावर काम ‘उक्ते’ देतात किंवा ‘खंडून’ देतात आणि गवंडी ते ‘अंगावर’ घेतो. मराठवाड्यात तेच काम ‘गुत्त्याने’ जाते आणि घेणारा ‘गुत्तेदार’ होतो. जुन्या कागदांत ‘मक्ता’ आढळतो, बोलण्यात ‘कंत्राट’ असते, हिंदीच्या शेजाराने ‘ठेका’ही रुळला आहे. यांतला ‘उक्ते’ तेवढा घरचा. ‘मक्ता’ अरबीतून फारसी दप्तरांमार्गे आला; मुळात तो सरकारी महसूल ठरीव रकमेवर वसूल करण्याचा व्यवहार होता. ‘गुत्ता’ कानडी आणि तेलुगूचा सोयरा आहे आणि निजामाच्या मुलखात तो पक्का झाला. ‘कंत्राट’ पोर्तुगिजांच्या तोंडच्या ‘कोंत्रातु’शी नाते सांगतो, जसा ‘मेस्त्री’ त्यांच्या ‘मेस्त्रे’शी. बाहेरून आलेल्या शब्दांच्या या गर्दीत इतिहासाचा एक धागा दिसतो. सगळे काम एका माणसाला ठरीव पैशांत देऊन टाकण्याची पद्धत गावातल्या साध्या घरापर्यंत उशिरा पोचली. त्याआधी ती महसुलात, सरकारी बांधकामात आणि रेल्वेच्या खोदाईत वाढली.

गावगाड्यात घराच्या कामाचा मोठा भाग ओळखीच्या हातांनी होत असे. बारा बलुत्यांत सुतार आणि लोहार थोरल्या कासेत, म्हणजे मोठ्या वाट्याच्या गटात मोडत. कुणब्याचे औत-अवजार वर्षभर नीट ठेवायचे आणि सुगीला खळ्यावरून धान्याचा ठरलेला वाटा न्यायचा, असा हा संबंध होता. पण नवे घर बलुत्यात येत नसे. कुळव दुरुस्त करणे हे सुताराचे बांधील काम होते; तुळया, वाशे आणि दाराची चौकट घडवणे हे वेगळे काम होते आणि त्याचा मोबदला वेगळा, धान्यात किंवा रोकडीत ठरे. तरी दोन्ही कामे करणारा माणूस एकच असल्याने या ठरावाला लेखी कागदाची गरज पडत नसे. चौकट वाकडी बसली तर सुताराला त्याच गावात, त्याच घरासमोरून रोज जावे लागे. हे बंधन जामीनकीपेक्षा मजबूत होते. मात्र ते दोन्ही बाजूंना सारखे नव्हते. सुताराने मोबदल्यावरून कुरकुर केली तर त्याचे सुगीचे माप अडे, आणि गाव सोडून दुसरीकडे वतन मिळणे सोपे नसे. जुन्या व्यवस्थेच्या आठवणी उजळून सांगताना ही बाजू सहसा गाळली जाते.

गवंडी, पाथरवट, बेलदार आणि वडार यांची गोष्ट निराळी. बारा बलुत्यांच्या रूढ यादीत त्यांना स्थायी जागा नव्हती. ते कामामागे फिरत. वडारांत मातीकाम करणारे मातीवडार, दगड वाहणारे गाडीवडार आणि जाती-पाटे घडवणारे पाथरवट अशी विभागणी होती. विहीर, तळे, गढी किंवा देऊळ निघाले की त्यांचे तांडे पाल ठोकत आणि काम मापाने घेत : इतके हात खोल, इतके हात रुंद, त्याचे इतके. उक्त्या कामाची गावातली सर्वांत जुनी रूपे या फिरत्या लोकांच्या व्यवहारात सापडतात, आणि त्याचे कारण सरळ आहे. जो माणूस काम संपल्यावर निघून जाणार त्याच्याशी वर्षाचा हिशेब ठेवता येत नाही. हिशेब कामाचाच ठेवावा लागतो.

साध्या घराची डागडुजी तर घरच्यांचीच होती. कोकणात मिरग लागायच्या आत छप्पर शाकारणे हा आगोटीच्या कामांतला मोठा भाग. भाताचा पेंढा, गवत किंवा माडाची झापे यांचा थर दरवर्षी नवा घालावा लागे आणि शेजारीपाजारी एकमेकांच्या घरांवर चढत. जिथे कुंभाराचे नळे होते तिथे ते उतरवून, फुटके वेगळे काढून परत बसवत. मराठवाडा आणि खानदेशात धाब्याची, म्हणजे माळवदाची घरे होती. लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काड्या आणि वर मातीचा जाड थर. पावसाळ्यापूर्वी त्या थरावर आणखी माती चढवून गळती बंद करायची, हे काम दरसाल होई. जमीन सारवणे, भिंत लिंपणे आणि पांढऱ्या मातीचा हात देणे हे बायकांचे काम होते. त्याची मजुरी कोणी मोजली नाही, म्हणून घराच्या खर्चाच्या कोणत्याही जुन्या हिशेबात ते सापडत नाही.

वाड्याचे काम या सगळ्याहून वेगळ्या पातळीवर चाले. पुण्याच्या शनिवारवाड्याची पायाभरणी जानेवारी १७३० मध्ये झाली आणि वास्तुशांत जानेवारी १७३२ मध्ये. त्या पहिल्या बांधणीचा खर्च १६,११० रुपये सांगितला जातो. अशा कामावर कारकून नेमलेला असे, सामान धन्याचे असे आणि कारागीर रोजाने असत. म्हणजे हल्लीच्या भाषेत मालकाने स्वतःच ठेकेदार व्हायचे. घराचे माप खणांत होई. दोन तुळयांमधली जागा एक खण, आणि ‘पाच खणी माडी’ म्हटले की लाकूड किती लागेल हे सुताराला न विचारता समजे. सुताराचा गज चोवीस तसूंचा होता. कारागिराला रोज मिळे, पण किल्ल्यांच्या आणि सरकारी कामांवर गावोगावहून माणसे वेठीनेही धरून आणली जात. फुकट किंवा नाममात्र मोबदल्यावर राबवण्याच्या या प्रकाराला फारसीतून आलेला ‘बेगार’ हा शब्द होता. आज बांधकामावर पाटी उचलणारा मजूर रोजंदारी घेतो, तरी त्याचे नाव ‘बिगारी’च राहिले. मजुरी आली, पण नाव बदलले नाही. एका शब्दात दोनशे वर्षांचा अन्याय असा उघडा राहिलेला क्वचितच दिसतो.

रोजाने काम करून घेण्यामागे चुन्याचाही वाटा होता. चुनखडी भाजून, विरवून, घाणीत मळावी लागे. घाणी म्हणजे जमिनीतला गोल दगडी चर. त्यात बैलाने ओढलेले दगडी चाक फिरे आणि चुना, वाळू किंवा विटांची भुकटी एकजीव होई. चांगल्या कामासाठी गूळ, मेथी, हिरडा, बेलफळाचा गर असे पदार्थ मिसळत. चुना सावकाश घट्ट होतो. घाई केली तर गिलावा वर्षा-दोन वर्षांत फुगतो. काम उक्ते दिले की घाई करण्यात गवंड्याचा फायदा होतो, म्हणून जाणता मालक घाणीचे काम रोजाने ठेवी आणि स्वतः तिथे बसे. उक्त्या कामावरचा अविश्वास हा माणसावरचा नव्हता. तो मालमसाल्याच्या स्वभावातून आलेला होता.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हे चित्र बदलले. १८५४ मध्ये सार्वजनिक बांधकाम खाते स्वतंत्रपणे उभे राहिले आणि त्याच वर्षी पुण्यात त्या खात्याला दुय्यम अधिकारी पुरवण्यासाठी अभियांत्रिकीचे वर्ग सुरू झाले, ज्यांतून पुढे पुण्याचे इंजिनिअरिंग कॉलेज वाढले. खात्याने नकाशा, अंदाजपत्रक, निविदा, अनामत रक्कम आणि मोजमाप वही हा क्रम रुजवला. काम झाले की ओव्हरसियरने मापे घ्यायची, वहीत नोंदवायची आणि त्यावर बिल काढायचे. मुंबई इलाख्यातल्या निविदांचे ‘बी-१’ आणि ‘बी-२’ हे नमुने, पहिला अंदाजपत्रकाच्या टक्केवारीवर आणि दुसरा प्रत्येक बाबीच्या दरावर, महाराष्ट्राच्या बांधकाम खात्यात त्याच नावांनी पुढेही चालू राहिले. १८७२ च्या करार कायद्याने अशा ठरावांना न्यायालयात उभे राहण्याची चौकट दिली.

कंत्राटाची खरी शाळा मात्र बोरघाटात भरली. मुंबई–ठाणे रेल्वेमार्ग बांधणारा विल्यम फ्रेडरिक फेव्हिएल याने १८५६ मध्ये घाटातल्या चढाचे काम सुरू केले. रेल्वे कंपनीने कंत्राटदाराला काम दिले, त्याने ते लहान ठेक्यांत वाटले, ठेकेदारांनी मुकादमांना गाठले आणि मुकादमांनी गावोगावहून माणसे आणली. पैसा वरून खाली येताना प्रत्येक पायरीवर थांबे. १८५९ च्या आरंभी मजुरी थकल्यावरून मजुरांनी दंगा केला. पुढे काम सॉलोमन ट्रेडवेल याच्याकडे गेले. तो त्याच वर्षी भारतात येताच वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे चालवून १८६३ मध्ये पुरे केले. ऐन भरात घाटावर ४२,००० माणसे राबत होती. कॉलरा आणि तापाने मेलेल्यांची नावे कोणाच्या वहीत नाहीत, कारण मजूर हा कंपनीचा नव्हता, कंत्राटदाराचाही नव्हता. तो मुकादमाच्या हजेरीतला आकडा होता. काम देणारा आणि काम करणारा यांच्यामध्ये तीन-चार माणसांची साखळी उभी राहिली की जोखीम साखळीच्या शेवटच्या कडीवर जाऊन पडते, हे बोरघाटात पहिल्यांदा एवढ्या मोठ्या प्रमाणावर दिसले. घराच्या कामातही पुढे तेच झाले, फक्त आकार लहान होता.

कंत्राटाच्या धंद्यात देशी माणसांनाही वाट मिळाली. १८६० च्या दशकात मुंबईच्या कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या आणि सरकारी इमारतींची रांग उभी राहिली. तेलुगू भाषक कामाठी समाज बांधकामाच्या मजुरीसाठी मुंबईत आधीच आला होता. कामाठीपुरा हे नाव त्याचीच खूण. त्यांच्यातून काही जण मोठे कंत्राटदार झाले. जाया कराडी लिंगू आणि व्यंकू बाळाजी यांच्यासारखे कंत्राटदार सत्यशोधक चळवळीचे खंदे आधार ठरले. महात्मा जोतीराव फुले स्वतः कंत्राटदार होते. पुण्यात त्यांनी बांधकामाच्या साहित्याचा पुरवठा केला, सरकारी बांधकामांची कंत्राटे घेतली. शिक्षणाच्या आणि समाजसुधारणेच्या कामासाठी कोणाच्या दारात हात पसरावा लागू नये, हे या कमाईने शक्य झाले. गवंडीकाम, दगडकाम आणि मातीकाम ज्या जातींच्या हातांत होते त्यांच्यापैकी थोड्यांना कंत्राट हे वतनाच्या बाहेर पडण्याचे दारही ठरले. कंत्राटाच्या इतिहासात पिळवणुकीची बाजू खरीच आहे, पण ही बाजूही तितकीच खरी आहे.

सरकारी कामातून तयार झालेले मिस्त्री, मापे आणि दर हळूहळू खासगी घरांवर आले. तसू मागे पडले, फूट-इंच आले. वाळू, खडी आणि दगड ‘ब्रास’मध्ये मोजले जाऊ लागले, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ चा. तरी घराचे काम आजही चौरस फुटात आणि ब्रासमध्येच ठरते. सरकारी पद्धतीतली एक गोष्ट मात्र घरापर्यंत आली नाही, आणि ती सर्वांत महत्त्वाची होती : मापे घेणारा तिसरा माणूस. सरकारी कामावर ओव्हरसियर मोजत असे. घरमालकाच्या बाजूने मोजणारे कोणी नव्हते. त्याची भरपाई हप्त्यांनी झाली. कामाचे पैसे पाया, जोते, चौकटीची उंची, स्लॅब आणि गिलावा अशा टप्प्यांना बांधले गेले, म्हणजे मोजता न येणाऱ्यालाही डोळ्यांनी पाहून पैसे देता येतील. हीच पायरी-पायरीची पद्धत गृहकर्जातही रूढ झाली.

मालमसाला बदलला तसा ठरावही बदलला. १८६५ मध्ये बाझल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि मंगळुरी कौले जहाजांनी कोकणच्या किनाऱ्यावर येऊ लागली. वर्षाची शाकारणी संपली, आणि तिच्याबरोबर शेजाऱ्याचा हातही. कौलांना पैसे लागत, आणि ती बसवायला सुतार लागे. सिमेंटने याच्याही पुढची उडी घेतली. चुन्याची घाणी महिनाभर राखावी लागे. सिमेंटचे पोते फोडले की त्याच दिवशी काम सुरू. काँक्रीटच्या स्लॅबला एकाच वेळी सेंट्रिंगवाला, सळई वाकवणारा फिटर, गवंडी आणि बिगाऱ्यांची टोळी लागते. घरमालकाला या सगळ्यांना एका दिवशी जमवणे अवघड, म्हणून त्यांना जमवणारा माणूस अटळ झाला. घराच्या कामातला आजचा कंत्राटदार मुख्यतः स्लॅबने घडवला. ‘लेबर रेट’ने काम द्यायचे की ‘मटेरियलसह’, हा दुहेरी प्रश्नही तेव्हापासूनचा. पहिल्यात सिमेंट-सळई मालकाची आणि नासाडीचा तोटा मालकाचा. दुसऱ्यात सारे कंत्राटदाराचे, आणि पोत्यातले सिमेंट भिंतीत किती गेले हे भिंत ओली असेपर्यंतच तपासता येते. स्लॅब टाकल्याच्या दिवशी नारळ फोडून कामगारांना जेवण देण्याची रीत मात्र वाड्याच्या काळच्या चौकटपूजेची वारस आहे.

मुंबईत डागडुजीचा प्रश्न वेगळ्या वळणाने गेला. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. भाडेकरूला संरक्षण मिळाले, पण मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही. चाळींचे सज्जे, जिने आणि वासे पावसाळ्यात कोसळू लागले. १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. भाडेकरूंकडून दुरुस्ती उपकर घ्यायचा आणि मंडळाने कंत्राटदार लावून दुरुस्ती करायची, अशी ही योजना. १९,६४२ इमारती तिच्या कक्षेत आल्या. पुढे हे काम म्हाडाकडे गेले. इथे एक विचित्र त्रिकोण तयार झाला. घर राहणाऱ्याचे नाही, मालकाला त्यात उत्पन्न नाही, आणि कंत्राटदार नेमणारा या दोघांपैकी कोणीच नाही. टेकू लावलेल्या इमारतींत पिढ्या वाढल्या. टेकू हा तात्पुरता असतो, हे त्या घरांत जन्मलेल्या मुलांना कधी दिसलेच नाही.

सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते तोवर साध्या घराच्या दुरुस्तीलाही परवाना लागे. सिमेंटचे वाटप आणि मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या विश्वस्त निधीला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालात आल्यावर त्यांनी जानेवारी १९८२ मध्ये राजीनामा दिला. त्याच वर्षी नियंत्रण अंशतः उठले आणि १९८९ मध्ये पूर्ण. परवाना मिळवून देणारा म्हणून कंत्राटदाराला असलेले महत्त्व त्याबरोबर संपले.

कामगारही बदलले. १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा आणि सोलापूर-नगरकडची माणसे खडी फोडायला आणि शहरांत बांधकामावर आली. सकाळी शहराच्या नाक्यावर थापी-ओळंबा घेऊन गवंडी, पाटी-फावडे घेऊन बिगारी आणि ब्रश घेऊन रंगारी उभे राहतात. घरातली एक भिंत पाडायची किंवा मोरीची गळती काढायची असेल तर कंत्राटदार येत नाही; नाक्यावरचा माणूस येतो. त्याचा रोज तिथेच, उभ्या उभ्या ठरतो. लहान दुरुस्तीचा सगळा व्यवहार आजही या तोंडी ठरावावर उभा आहे.

मालकाने स्वतः काम करून घ्यावे की कंत्राटदाराला द्यावे, या जुन्या प्रश्नाची सर्वांत मोठी कसोटी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपानंतर लागली. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे दगावली. घरांच्या भिंती मातीत बसवलेल्या ओबडधोबड दगडांच्या, दोन-अडीच फूट जाड, वर माळवद. दरवर्षी गळती थांबवण्यासाठी चढवलेली माती पिढ्यान्‌पिढ्या साठत गेली होती आणि तेच ओझे झोपलेल्या माणसांवर आले. ज्या डागडुजीने घर कोरडे ठेवले, तिनेच ते जड केले होते.

पुनर्वसनात दोन वाटा झाल्या. पूर्ण उद्ध्वस्त झालेली बावन्न गावे नव्या जागी, बहुतांशी कंत्राटदारांकरवी आणि दानशूर संस्थांकरवी उभी राहिली. जमिनीच्या धारणेप्रमाणे २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरे, आखीव रस्ते, ओळीतले भूखंड. घरे मजबूत होती, पण गुरांचा गोठा, कडब्याची जागा आणि भावकीची शेजारपट्टी आखणीत बसली नाही. दुसरी वाट कमी गाजली, पण अधिक शिकवणारी ठरली. जी घरे तडकली होती पण उभी होती, अशा सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणासाठी मदत थेट घरमालकाला, टप्प्याटप्प्याने देण्यात आली. काम त्याने स्वतः करून घ्यायचे : भिंतीत आरपार दगड बसवायचे, माळवदाची माती कमी करायची, भिंतींवरून काँक्रीटचा पट्टा फिरवायचा. अभियंता पाहून गेल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. गावोगावच्या महिला ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यांची बांधणी केली. सिमेंट-वाळूचे प्रमाण किती, पाणी किती दिवस मारायचे, हप्ता कधी मागायचा हे त्यांनी शिकून घेतले आणि गुत्तेदाराला जाब विचारला. सरकारी कामावर ओव्हरसियर असतो आणि घराच्या कामावर नसतो, ही शंभर वर्षांची उणीव इथे गावातल्या बायकांनी भरून काढली. एक गोष्ट मात्र उलटी झाली. लोकांचा दगडावरचा विश्वासच उडाला. दोष मातीतल्या जोडणीचा आणि छताच्या भाराचा असूनही दगड बदनाम झाला आणि पाथरवटांची पुढची पिढी या कामातून बाहेर पडली.

कायद्याने घरमालकाला हळूहळू हात दिला. पहिला ग्राहक संरक्षण कायदा १९८६ मध्ये आला. १९९३ च्या दुरुस्तीने घरबांधणी स्पष्टपणे ‘सेवा’ ठरली आणि सदोष कामाबद्दल ग्राहक मंचाकडे जाता येऊ लागले. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांपुढच्या इमारतीची दर तीन वर्षांनी करण्याचे बंधन घातले. मोठ्या दुरुस्तीला निविदा आणि सर्वसाधारण सभेची संमती आली. २०१६ च्या रेरा कायद्याने संरचनेतल्या दोषांची जबाबदारी विकासकावर ताबा दिल्यापासून पाच वर्षे ठेवली. पण हा कायदा नव्या प्रकल्पांचा आहे. जुन्या घराला गिलावा करणारा कंत्राटदार त्यात येत नाही.

बांधकाम कामगारांसाठीचा कायदा १९९६ मध्ये झाला. नोंदणी, कल्याणकारी मंडळ आणि बांधकाम खर्चावरचा उपकर त्यातून आला. मात्र स्वतःच्या राहण्यासाठी बांधलेले आणि दहा लाखांपर्यंत खर्चाचे घर त्यातून वगळले गेले. म्हणजे नाक्यावरून आलेला गवंडी ज्या कामांवर आयुष्यातले बहुतेक दिवस घालवतो, ती लहान कामे या कायद्याच्या उंबरठ्याबाहेरच राहिली.